घाई कुणाला हाय?

शेळगावात आमच्या वस्तीच्या कोपऱ्याला दुधाची डेरी हाय. पत्र्याची खोली, म्होरं वटा, वट्यावर वजनकाटा. त्या काट्याच्या पलीकडं पस्तीस वर्सं एकच बाई बसायची. गिरजाक्का. दुधाची फॅट काढायची, म्हणून गाव तिला फॅटवाली म्हणायचं. पाठीमागं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती न्हवती.

आता तिच्या खुर्चीवर दुसरं माणूस बसतंय. मशीन बी नवं हाय, दूध ओतलं की आकडं आपसूक येत्यात. पर रांगंत कुणी किटली म्होरं ढकलून म्हणलं, "चला, लवकर घ्या," तर आमच्यातली एखादी अजून बी मागनं म्हणती, "घाई कुणाला हाय?" आन् सगळ्या बाया हसत्यात. नव्या माणसाला कळत न्हाय ह्या कशापायी हसल्या. त्येला उभ्यानं सांगायला गेलं तर तवर दूध नासंल. म्हणून हितं बसून सांगती.

मी सगुणा. माझी शाळा दुसरीपातुर. बाप मेंढरं राखायचा, आठ म्हैने आमी मेंढरामागं कोकणाकडं, शाळा हितंच. तवापासनं मला अक्षर लागत न्हाय, आकडा लागतो. मालक गेलं तवा बबन सात वर्साचा व्हता आन् दारात एक म्हैस. म्हशीच्या दोन गाया झाल्या, पोराचं लगीन झालं, घरावर पत्रा आला. रडायला येळ न्हवता म्हणून रडली न्हाय. माझं एवढंच. बाकीची गोष्ट आक्काची.

आक्का हाडाची उंच. चष्म्याची एक काडी मोडलेली, तितं लोकरीचा दोरा बांधलेला, त्यो कानामागनं घ्यायची. माहेर पणदरं. बोलायला लागली की "आमच्या पणदऱ्यात" ह्याच्यापासनं सुरवात. आमच्या शेजारची विमल, जिभेची तिखट, ती म्हणायची, "व्हय, तुमच्या पणदऱ्यात तर म्हशी बी आधी फॅट सांगत्यात, मंग दूध देत्यात."

आक्का म्हणायची, "देत्यात. आन् रांगंत बडबड करीत न्हाईत."

तिची एक खोड सगळ्या गावाला ठावं व्हती. चहा बिनदुधाचा. सगळ्या अंगाला दुधाचा वास आन् कपात काळं पाणी. म्या एकदा इचारलं, "आक्का, डेरीत बसून काळा चहा पितीस?" तर म्हणली, "तुमच्या सगळ्यांचं दूध मी बघितलंय, म्हणून पिती."

तिची कामाची पद्धत अशी. किटली म्होरं आली की आधी माणसाकडं बघणार, मंग किटलीकडं. झाकण काढून वास घेणार. मंग म्हणणार, "हलव." दूध थोडा येळ उभं ऱ्हायलं की साय वर येती. न हलवता वरचं सॅम्पल दिलं तर फॅट भारी लागती. हुशार माणसं न हलवता किटली म्होरं करायची. आन् पाणी घातलेली माणसं घाई करायची. "आक्का, यष्टी येतीया." "आक्का, लेकरू रडतंय." आक्का हातातली पळी खाली ठेवायची आन् म्हणायची, "घाई कुणाला हाय? मला न्हाय. दुधाला न्हाय. मंग तुलाच का?" पाणी असल्याबिगर माणूस घाई करीत न्हाय, हे तिचं ठाम मत.

तिची सासू एकदा सोता किटली घेऊन आली. नवी सून खुर्चीवर बसलीया, बघू काय करती, असं मनात असंल. मी रांगंत मागं उभी. आक्कानं लॅक्टोमीटर काढला. काचंची नळी असती, दुधात तरंगती. पाणी असलं की खाली जाती.

सासू म्हणली, "मी कोण हाय म्हाईत हाय ना?"

"मला म्हाईत हाय, आत्याबाई. काचंला न्हाय म्हाईत."

नळी गेली खाली. आक्कानं जेवढं खाली गेली तेवढंच वहीत लिहिलं. दोन दिस तिला घरात कुणी बोललं न्हाय. तिसऱ्या दिशी सासू आली, रांगंत उभी ऱ्हायली आन् आक्कानं म्हणायच्या आधी सोताच दूध हलवाया लागली.

मंग दिस बदललं. दुधाचा पगार हातात मिळायचा, त्यो खात्यावर जाया लागला. आमची सगळ्यांची खाती अंथुर्ण्याच्या बँकंत. खात्याला फोन जोडावा लागतो म्हणून घराघरात बायांच्या हातात फोन आला. सकाळच्या दुधाचं लिटर आन् फॅट फोनवर यायची. मला बरं वाटायचं. अक्षर न्हाय तर न्हाय, माझं आकडं मला वाचता यायचं.

आन् अक्षरं आली की आमची एक रीत व्हती. जो समोर असंल त्येच्या हातात फोन द्यायचा. "वाच रं बाबा काय आलंय." यष्टीच्या थांब्यावर, दुकानात, शाळंतनं येणाऱ्या पोरीला. त्येनं मोठ्यानं वाचायचं, चार माणसांनी ऐकायचं. त्यात लाज न्हवती. पत्रं बी आमी अशीच ऐकली व्हती.

एक दिस मी घास कापत व्हती. सकाळचं दहा वाजलं असत्याल. फोन वाजला. विमल बांधावरनं चालली व्हती, तिला म्हणलं वाच. तिनं वाचलं, "तुमचं खातं आज बंद होणार. आधार जोडा. खालच्या नंबरावर फोन करा." म्हणली, "मावशे, आज शेवटचा दिस हाय. कर बाई फोन, न्हायतर पगार अडकंल."

फोन केला. पलीकडं पोरगा, लई गोड. "मावशी" म्हणला. माझं नाव त्येला म्हाईत. म्हणला, "घाबरू नका, दोन मिंटाचं काम हाय, पर आत्ताच करा, बारा वाजता बंद व्हतंय." आधारचं कार्ड आणा म्हणला. म्या घरातनं आणलं, सगळं आकडं वाचून दावलं. आकडा वाचायला मी कच्ची न्हाय. मंग म्हणला, "आता तुमच्या फोनवर आलाय बघा. नंबर?"

त्येनं तसं "नंबर?" म्हणलं आन् माझ्या तोंडातनं आकडं सुटलं.

का सुटलं ते सांगती. डेरीवर आमाला एकेकीला नंबर हाय. माझा एकशे चौदा. सकाळी सहाला आन् संध्याकाळी सहाला आक्का वर न बघता म्हणायची "नंबर?" आन् आमी म्हणायचो. हातात किटली असू दे, अंगात ताप असू दे, "नंबर?" म्हणलं की तोंड आपलं आपण बोलायचं. मालक गेलं त्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिशी मी डेरीवर गेली तवा बी तोंडातनं पयला शबुद एकशे चौदाच आला.

थोड्या येळानं फोनवर आकडं आलं. मोठं आकडं. एक, मंग दुसरा, मंग तिसरा. मला वाटलं, खातं जोडलं, पगार लवकर जमा झाला. मी तशीच दिसभर राबली, मनातनं खूश. संध्याकाळी डेरीवर फोन आक्काच्या म्होरं धरला. "आक्का, ह्या बारीला पगार लवकर आला बघ."

आक्कानं दोरा कानामागं सारला. वाचलं. परत वाचलं.

"सगुणे, आलं न्हाय. गेलं."

किती गेलं ते सांगत न्हाय. दोन्ही गायांचं दोन म्हैन्याचं दूध गेलं, एवढं समजा.

आक्कानं पळी ठेवली आन् उठली. रांग तशीच. माणसं किटल्या घेऊन उभी, पर त्या दिशी तिला घाई व्हती. असल्या चोरीसाठी सरकारचा एक फुकट नंबर हाय, तितं फोन लावला. माझ्याकडनं एक एक गोष्ट इचारून सांगितली. सकाळी पयल्या यष्टीनं मला बँकंत घेऊन गेली. खात्याला कुलूप, आधारच्या अंगठ्याला कुलूप, मंग पोलिस ठाण्यात कागूद. थोडं पैसं मधीच अडवलं गेलं. बाकीचं गेलं ते गेलं.

येताना यष्टीत ती खिडकीतनं बाहीर बघत व्हती. अंथुर्णं मागं पडलं.

मंग म्हणली, "ही सवय मी लावली."

"तू कशी लावशील?"

"दिसातनं दोनदा मी नंबर म्हणती आन् तुमी वकता. पस्तीस वर्सं. त्या मुडद्यानं काय केलं? निस्ती माझी खुर्ची घेतली."

दुसऱ्या दिशी सकाळी रांगंत मी पयली व्हती. आक्का म्हणली, "नंबर?" मी म्हणली, "एकशे चौदा."

"रांगंत मागं."

"अगं पर..."

"रांगंत मागं जा, सगुणे. डेरीचं कार्ड घेऊन ये. नंबर तोंडानं सांगायचा न्हाय."

विमल हसली. तिची बारी आली. "नंबर?" "दोनशे सात," म्हणली आन् जीभ चावली. "रांगंत मागं."

मंग गणपाआबा. म्हातारा, गावातला सगळ्यात जुना दूधवाला. "गिरजे, माझा नंबर सगळ्या गावाला म्हाईत हाय. डेरीच्या भिंतीवर लिवलाय. त्यो सांगितला तर काय लुटालूट व्हती व्हय?"

"नंबराचं काय न्हाय, आबा. जिभेचं हाय. मागितलं की द्यायचं, ही तिची खोड मोडायची हाय."

"मी न्हाय मागं जायाचा."

"मंग दूध घरी प्या. सुनंला चहा करायला सांगा."

आबा मागं गेलं. जाता जाता आक्काच्या पणदऱ्याला शिव्या घातल्या. म्हैनाभर असंच चाललं. आक्का कवा बी, कुठं बी "नंबर?" म्हणायची. देवळात, गिरणीत, हळदी-कुंकवात वाण देता देता. जिची जीभ घसरली तिला दुसऱ्या दिशी रांगंत शेवटचा नंबर. पर दीड म्हैन्यानं आक्का "नंबर?" म्हणली की सगळी रांग गप. निस्ती कार्डं वर व्हायची.

मंग तिनं दुसरं काढलं. डेरीच्या जुन्या वहीच्या पाठीमागं ती खोटं मेसेज उतरून घ्यायची. कुणाला बी आला की घेऊन या म्हणायची. रोज सकाळी फॅट काढता काढता एक मोठ्यानं वाचायची आन् इचारायची, "दूध का पाणी?"

"आज संध्याकाळी तुमची लाईट तोडण्यात येईल. बिल भरलं न्हाय. ह्या नंबरावर लगेच फोन करा."

"पाणी!"

"का?"

"लगेच म्हणतंय."

"आणिक?"

"वायरमन गावातच हाय, त्येला इचारू."

"झालं. जी किटली जिथनं आली म्हणती, तितं जाऊन बघायचं. मेसेजात दिलेल्या नंबरावर न्हाय. चोराला इचारून चोर सापडत असतो व्हय?"

एकदा वाचलं, "तुमच्या गाडीनं सिग्नल मोडला, दंड हाय, ही फाईल उघडा." ती विमलच्या फोनवर आली व्हती. विमल म्हणली, "माझ्याकडं गाडी कुठली? एक शेळी हाय. तिनं मोडला असंल बाई, लई वांड हाय." दोन दिस सगळी वस्ती त्या शेळीला दंड भर म्हणत व्हती.

अशा हसण्यातच आमाला कळत गेलं. डेरीचा मेसेज येतो, लिटर सांगतो, फॅट सांगतो, गप बसतो. आक्का म्हणायची, "खरा मेसेज सांगून मोकळा व्हतो. खोटा मागतो. आधार माग, नंबर माग, फाईल उघड म्हण. मागाया लागला की झाकण लावायचं." म्या इचारलं, गॅसची टाकी घेताना बी नंबर द्यावा लागतो की. तर म्हणली, "टाकी तू मागवलीस. टाकी दारात हाय. माणूस डोळ्याम्होरं हाय. मंग दे. ह्यातलं एक बी कमी असलं तर देऊ नको."

समोरच्याच्या हातात फोन देऊन वाचून घ्यायची रीत बी तिनं मोडली. अनोळखी माणसाकडनं वाचून घ्यायचं न्हाय. दोघी जणी ठरवून दिल्या, त्यांनी हळू वाचायचं, आन् आकडं तर वाचायचंच न्हाईत. मला शेजारची विमलच दिली. "तिनंच वाचून फसवलं, तिनंच वाचून राखायचं," म्हणली.

पर माझ्याजवळ वाचायला फोनच न्हवता. पैसं गेलं त्या रात्री बबननं माझ्या हातातनं फोन काढून घेतला व्हता. पासबुक बी. टीव्हीच्या वर ठेवलं. पोरगं वाईट न्हाय. म्हणला, "आई, तुला न्हाय जमायचं हे. लागंल तवा माग, मी देतो."

मागायची मला सवय न्हवती. सात वर्साच्या पोराला घेऊन उभी ऱ्हायली तवा कुणाला मागितलं न्हाय. आता पेंडीला पैसं मागायचं, चोळीला मागायचं, अंथुर्ण्याला जायचं तर कशाला ते सांगायचं. गाया माझ्या, दूध माझं, आन् दुधाचा आकडा दुसऱ्याच्या फोनवर. चोरानं दोन म्हैन्याचं नेलं. उरलेलं माझं असून माझं न्हवतं. ते मला जास्त लागलं. कुणाला सांगितलं न्हाय, पर आक्कानं वळखलं. मी डेरीवर मेसेजाला वरडायची तवा सगळ्या बाया फोन काढून बघायच्या, मी हात पदरात घ्यायची.

एका रविवारी दुपारी आक्का घरी आली. वही काखंत. सुनंनं चहा केला, आक्काचा काळा. बबन खाटंवर व्हता.

आक्का म्हणली, "बबन, तीन मेसेज वाचती. तू बी सांग, ती बी सांगंल. तुझी आई एक जरी चुकली तर फोन टीव्हीवरच ऱ्हाऊ दे. मी परत इषय काढायची न्हाय."

बबन हसला. "आक्का, मी बारावी हाय."

"मंग तुला सोपं हाय."

चुकली असती तर संपलं व्हतं.

पयला लाईटीचा. दोघंबी म्हणलो पाणी. दुसरा डेरीचा, दोघंबी म्हणलो दूध. तिसरा आक्कानं सावकाश वाचला. "ऊसबिलाचा पुढचा हप्ता जमा होणार. सभासदांची यादी सोबत जोडली आहे. फाईल उघडून आपलं नाव आजच तपासा." वर आमच्या कारखान्याचं नाव.

बबन ताडकन उठून बसला. सगळ्या गावाचं ध्यान त्या हप्त्याकडं लागलं व्हतं. "हे दूध! आमचा कारखाना हाय. कवा आला? बघू, बघू," म्हणत त्येनं हात म्होरं केला.

आक्कानं माझ्याकडं बघितलं.

म्या म्हणलं, "पाणी."

"का?"

"कारखान्याला यादी लावायची तर आपिसाच्या भिंतीला लावंल. फाईल उघड, आजच उघड, म्हणून मागं कशाला लागंल? घाई कुणाला हाय?"

बबनचा हात तसाच म्होरं व्हता. त्यो त्येनं हळूच मागं घेतला. मंग उठला, टीव्हीवरचा फोन आणला, माझ्या मांडीवर ठेवला.

आक्का म्हणली, "पासबुक?"

ते बी आणलं.

"आन् बबन, उद्यापासनं सकाळी तू बी डेरीवर येत जा. मागं उभा ऱ्हा. बायांचं ऐकत जा."

त्यो हसला. आन् खरंच यायचा, दूध घालायच्या निमतानं.

मंग त्या पावसाळ्यात आक्का वट्यावरनं घसरली. खुब्याचं हाड मोडलं. लेकीनं बारामतीला नेली. दवाखाना झाला, लेकीच्या घरी ऱ्हायली. खुर्ची मोकळी झाली.

दोन म्हैनं झालं असत्याल. सकाळी रांगंत उभ्या व्हतो आन् एकदम सगळ्यांचं फोन वाजलं. विमलनं हळू वाचलं. आक्काच्या नंबरावरनं आला व्हता. "मी गिरजा. दवाखान्यात आहे, अवघड आहे. तुमच्या फोनवर सहा आकडी नंबर येईल, तो मला लगेच पाठवा. वेळ नाही."

कुणाच्या हातातली किटली कलंडली. एक म्हातारी तितंच खाली बसली. विमल रडाया लागली. "मावशे, आक्का हाय गं. सगळ्या जगाला न्हाय म्हणू, पर आक्काला कसं म्हणायचं? खरंच मरणाच्या दारात असली तर?"

आक्काच्या नंबरावर फोन लावला. वाजला आन् कुणी तरी तोडला. परत लावला. परत तोडला. लेकीचा नंबर आमच्याजवळ न्हवता. तेवढ्यात माझ्या फोनवर सहा आकडं आलं. मला वाचता येत व्हतं. एक एक आकडा डोळ्याम्होरं. पाठवायला दोन मिंटं लागली असती.

मला खोटं बोलायचं न्हाय. हात गेला व्हता माझा. ह्या बाईनं मला हाताला धरून बँकंत नेली, माझा फोन मला मिळवून दिला. ती मागतीया आन् मी तपासत बसू?

आन् मंग मला तिची सासू दिसली. किटली धरून उभी. मी कोण हाय म्हाईत हाय ना?

म्या फोन कंबरंला खोचला. म्हणलं, "बायांनो, कुणी काय बी पाठवायचं न्हाय. आधी हलवू. मी बारामतीला जाती. डोळ्यानं बघती. खरं असंल तर तितनं फोन करती, मंग जे लागंल ते करू. तवर झाकण लावा."

गणपाआबा म्हणलं, "जा बाई. तुझं दूध मी घालतो."

एक बारकी किटली भरून घेतली, रिकाम्या हातानं कसं जायचं, आन् यष्टीत बसली. त्या दिशी वाट सरता सरंना. आक्का खरंच दवाखान्यात असली आन् माझ्यापायी तिचं काय अडलं, तर मी गावाला तोंड कसं दावू, हेच डोक्यात. पर परत फिरावं असं काय वाटलं न्हाय. 

यष्टीच्या रस्त्याला लागूनच लेकीचं घर, पत्ता आक्कानं कवाचा सांगितलेला. जिना चढली. गॅलरीत खुर्चीवर आक्का बसली व्हती. बाजूला लोखंडी वॉकर, हातात काळा चहा. चष्म्याचा दोरा आता पांढरा व्हता.

"सगुणे? अगं, डेरी सोडून हिकडं कुठं?"

मी तिथंच उंबऱ्यात बसली. मंग सगळं सांगितलं.

आक्कानं लेकीला हाक मारली. तवा कळलं, काल आक्काच्या फोनवर लग्नाची पत्रिका म्हणून फाईल आली व्हती. लेकीनं उघडली. तवापासनं फोन कसातरी करत व्हता. घरात कुणाला वाटलं, जुना झाला. लेक रडकुंडीला आली. लगेच शेजारच्या फोनवरनं ते शीमकार्ड बंद करायला सांगितलं, बँकंला कळवलं. चोख केलं सगळं, आक्काचीच लेक ती.

आक्का मातर खाली बघत बसली. ती मान म्या कवा खाली बघितली न्हवती.

"माझ्याच किटलीत पाणी निघालं," म्हणली. मंग माझ्याकडं न बघता, "किती जणींनी दिला?"

"एकीनं बी न्हाय."

"खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नको."

"आक्का, एकीनं बी न्हाय."

"विमलनं?"

"रडली. पर दिला न्हाय."

"गणपाआबा?"

यष्टीत असताना विमलचा फोन आला व्हता, ते म्या सांगितलं. "आबानी विमलकडनं लिहून घेतलं आन् तुझ्या नंबरावर पाठवलं. 'रांगंत मागं.'"

आक्का हसाया लागली. खुबा धरून हसली. डोळ्यातनं पाणी आलं तरी हसत ऱ्हायली. मंग चष्मा पुसला आन् म्हणली, "म्हाताऱ्याला सांग, चोराला उत्तर बी द्यायचं नसतं. पर बरं केलं म्हणावं."

म्या डेरीवर फोन लावला. "आक्का ठणठणीत हाय. पाणी व्हतं." पलीकडं बायांचा कालवा, मधनंच विमल म्हणत व्हती, "म्या म्हणलंच व्हतं."

त्या थंडीत आक्का गेली. झोपंतच गेली म्हणत्यात. मी तिला त्याच्यानंतर बघितली न्हाय, म्हणून मला ती त्या गॅलरीतलीच दिसती.

त्या दिशी मी निघाया उठली तवा किटली तिच्याम्होरं ठेवली. "सकाळचं हाय, लेकीला तापवायला सांग. मी जाती, अकराची यष्टी चुकंल."

आक्कानं किटली वढली. माझ्याकडं बघितलं. झाकण काढून वास घेतला.

मी म्हणली, "मी कोण हाय म्हाईत हाय ना?"

"म्हाईत हाय," म्हणली. आन् आतनं पळी मागवून दूध खालपातुर हलवलं.

"यष्टी जाईल, आक्का."

"घाई कुणाला हाय?"

मी परत खाली बसली. तिनं पळीभर दूध घेतलं आन् आपल्या चहात वतलं. कप हलवला, एक घोट घेतला. खाली रस्त्यानं यष्टी गेली, आमी दोघींनी बघितली. पुढची दीड तासानं व्हती.